कीटक ओळखण्याची स्पर्धा : विद्यार्थ्यांनीं तयारी कशी करावी ?

खेड्यांतील शाळांच्या वरच्या वर्गांत शिकणारे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांच्यासाठीं हा पाठ लिहिला आहे; परंतु घरांतील वडील माणसांनींहि तो एकवार वाचावा अशी आमची विनंती आहे. अमेरिकेसारख्या देशांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं कीटक ओळखण्याच्या स्पर्धा पुष्कळ वर्षांपासून चालत आल्या आहेत. आपल्याकडे ज्या शाळेस अशी स्पर्धा घ्यावयाची असेल तिला फारसा खर्च येत नाहीं. एक भिंग, एक वही, एकदोन चांगलीं ओळख-पुस्तकें आणि शाळेभोंवतालचीं शेतें एवढें साहित्य पुरतें.

स्पर्धेचा साधारण प्रकार असा असतो. मेजावर क्रमांक घातलेले वीस ते तीस नमुने मांडतात. प्रत्येकापुढें विद्यार्थ्यानें एक-दोन मिनिटें उभें रहावयाचें आणि कागदावर कीटकाचा गण, त्याचें नांव आणि तो पिकाचा शत्रु कीं मित्र हें लिहावयाचें. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. जगांतील सुमारें दहा लाख जातींच्या कीटकांस शास्त्रज्ञांनीं आजवर नांवें दिलीं आहेत. तीं सर्व कोणासहि पाठ होणार नाहींत, म्हणून येथें पाठांतराहून पद्धतीस महत्त्व अधिक आहे.

या विद्येचें प्रयोजन

शेतकऱ्याच्या घरांत कीटकाची ओळख ही करमणुकीची बाब नव्हे. ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा मधला पोंगा सुकून गेला म्हणजे शेतकरी म्हणतो, "पोंगे मर झाली." ही मर खोडमाशीमुळें होते, तशी खोडकिड्यामुळेंहि होते. खोडमाशी रोप उगवल्यापासून पहिल्या महिन्याच्या आंतच नुकसान करते, आणि पोंग्याच्या बुडाशीं तिची बिनपायांची पांढुरकी अळी सांपडते. खोडकिडा हा पतंगाच्या जातीचा असून त्याच्या अळीस पाय असतात. पोंगा सुकण्यापूर्वीं पानांवर ओळीनें बारीक छिद्रें दिसतात, आणि पीक मोठें झाल्यावरहि त्याचा उपद्रव चालू राहतो. खरिपाची पेरणी लांबली तर खोडमाशी वाढते, म्हणून तिच्यावर वेळेवर पेरणी हाच पहिला उपाय होय. खोडकिड्यास तेवढ्यानें आळा बसत नाहीं. पोंगा उपटून बुडाशीं पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. तें अर्धें मिनिट न दिल्यास हंगामाचा खर्च वायां जातो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन शेंकडों शेतकरी व शेतमजूर आजारी पडले आणि कित्येक दगावले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. केवळ कीटक न ओळखल्यामुळें तो घडला असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि जी फवारणी मुळांतच नको होती ती टळली तर तितका धोका टळतो, हें कोणीहि मान्य करील. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी "थांबा बाबा, हा मावा खाणारा किडा आहे" असें सांगूं शकली, तर स्पर्धेचें बक्षीस न मिळतांहि तिचा अभ्यास सार्थकीं लागला.

प्रथम कीटक कोणता तें ठरवा

पूर्ण वाढलेल्या कीटकाचे सहा पाय असतात आणि शरीराचे डोकें, छाती व पोट असे तीन भाग असतात. डोक्यावर मिशांची एक जोडी असते. कोळ्यास आठ पाय व शरीराचे दोनच भाग; म्हणून कोळी, गोचीड आणि पानांवरचा लाल कोळी हे कीटक नव्हेत. गोम व पैसा हेहि नव्हेत. परीक्षक बहुधा असा एखादा नमुना मुद्दाम ठेवतात. लाल कोळी कीटक नाहीं हें शेतकऱ्यासहि उपयोगी आहे. कारण कीटकांवर चालणारीं पुष्कळ औषधें कोळ्यावर चालत नाहींत.

गण ठरविण्याची कुंची

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या कामांत एक गोष्ट पक्की कळते. जमिनीची ओळख तिच्यांत उभ्या असलेल्या पिकावरून होत नाहीं; जिल्हा, तालुका, गांव, सर्व्हे नंबर व चतुःसीमा या क्रमानें ती होते. कीटकाचेंहि तसेंच आहे. रंग हें उभें पीक होय, तो बदलतो. पंख, तोंड, मिशा व पाय या चतुःसीमा होत. ओळख-पुस्तकांत प्रश्नांच्या जोड्या लावून गण शोधण्याची जी कुंची दिलेली असते ती याच तत्त्वावर रचलेली असते. पंख असलेल्या पूर्ण वाढलेल्या कीटकांसाठीं तिचें लहान स्वरूप खालीं देतों. हें विद्यार्थ्यांनीं वहींत उतरून घ्यावें.

(१) पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागीं टांचणीच्या डोक्यासारख्या लहान गांठी — द्विपंखी गण (घरमाशी, डांस, फळमाशी). पंखांच्या दोन जोड्या असल्यास (२) पहा.

(२) पुढची जोडी कठीण, ढालीसारखी, पाठीवर मधोमध सरळ रेषेंत जुळणारी — ढालपंखी गण (भुंगेरे, सोंडे, हुमणीचा भुंगेरा). तशी नसल्यास (३).

(३) पंखांवरील भुकटी बोटास लागते. ते खवले होत — खवलेपंखी गण (फुलपांखरें व पतंग). खवले नसल्यास (४).

(४) तोंड सुईसारख्या सोंडेचें, डोक्याखालीं दुमडलेलें — अर्धपंखी गण (ढेकूण, तुडतुडे, मावा, पांढरी माशी). चावणारे जबडे असल्यास (५).

(५) मागचे पाय लांब, उडी मारण्याजोगे. पुढचे पंख चामड्यासारखे — ऋजुपंखी गण (नाकतोडे, टोळ, रातकिडे). नसल्यास (६).

(६) डोळे फार मोठे, मिशा केसासारख्या आंखूड, पंख लांब व जाळीदार — चतुर व टाचणी यांचा गण. मिशा लांब असल्यास (७).

(७) चारहि पंख सारखे, दाट जाळीचे, बसतांना छपरासारखे — जालपंखी गण. मागचे पंख पुढच्यांहून लहान व शिरा थोड्या — कलापंखी गण (मधमाशी, गांधीलमाशी, मुंग्या).

झुरळ, खंडोबाचा किडा, वाळवी व फुलकिडे यांचे गण निराळे आहेत, आणि प्रत्येक गणांत कांहीं अपवादहि आहेत. तरीपण शाळेच्या स्पर्धेंत येणारे बहुतेक नमुने या सात पायऱ्यांत बसतात.

या कुंचीचा उपयोग पहा. पांढरी माशी हिला आपण माशी म्हणतों. परंतु तिला पंखांच्या दोन जोड्या असतात व ती सोंडेनें रस शोषते. म्हणून ती माशी नव्हे, माव्याची व तुडतुड्याची बहीण होय. उलट, फुलांवर अधांतरीं स्थिर राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक माशी मधमाशीसारखी दिसते. पण तिला पंखांची एकच जोडी. ती सिरफिड माशी. तिच्या अळ्या मावा खातात.

ओळख-पुस्तक कसें वाचावें

पुष्कळ विद्यार्थी पुस्तक उघडून चित्रें चाळतात व सारखें चित्र दिसलें कीं नांव लिहून मोकळे होतात. ही रीति घातक आहे. पुस्तकाचा क्रम असा ठेवावा : प्रथम प्रस्तावना वाचून पुस्तक कोणत्या प्रदेशाचें व कोणत्या सालचें आहे तें पहावें, नंतर कुंचीनें गण ठरवावा, मग मोजमाप पहावें, त्यानंतर कोणत्या पिकावर व कोणत्या ऋतूंत सांपडतो हा मजकूर ताडून पहावा, चित्र शेवटीं पहावें. चित्रांत तुडतुडा आणि नाकतोडा एकाच आकाराचे छापलेले असतात, म्हणून मिलिमीटरचें माप वाचल्याखेरीज चित्रावर विश्वास ठेवूं नये.

पुस्तकाचें साल कां पहावें तें सांगतों. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचें हिंदुस्थानांतील कीटकांवरील मोठें पुस्तक १९०९ मध्यें व फ्लेचर यांचें दक्षिणेकडील कीटकांवरील पुस्तक १९१४ मध्यें निघालें. दोन्ही आजहि वाचनीय आहेत. परंतु मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत प्रथम आढळली ती २०१८ सालीं, कर्नाटकांत. त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांत आली. जुन्या पुस्तकांतून ती शोधणारा विद्यार्थी भलत्याच अळीचें नांव लिहील. तिची खूण सोपी आहे : डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें लिहिल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटाच्या बाजूस शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार काळे ठिपके. दोन्ही खुणा मिळाल्या तरच नांव लिहावें.

शास्त्रीय नांवांचेंहि तसेंच. प्राण्यांस प्रजाति व जाति अशा दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति लिनियस यानें १७५८ मध्यें रूढ केली. तरी संशोधनाबरोबर नांवें बदलतात. हरभऱ्यावरील घाटेअळीस आज हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. जुन्या पुस्तकांत ती हेलिओथिस या नांवाखालीं सांपडते. फुलपांखरांसाठीं विंटर-ब्लाइथ यांचें १९५७ चें व आयझॅक किहिमकर यांचें २००८ चें पुस्तक उपयोगी आहे; दोन्ही इंग्रजींत असल्यामुळें शिक्षकांनीं साहाय्य करावें. पिकांवरील किडींसाठीं राहुरीच्या कृषि विद्यापीठाची मराठी कृषिदर्शनी पहावी. मोबाइलनें छायाचित्र काढून नांव विचारण्याची सोय आतां झाली आहे. तिचा उपयोग जरूर करावा, परंतु तें उत्तर साक्षीदाराच्या जबानीप्रमाणें समजावें. लक्षणें ताडून पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

फसविणाऱ्या जोड्या

स्पर्धेंत गुण जातात ते येथेंच, म्हणून या भागाकडे अधिक लक्ष द्यावें.

*ढालकिडा आणि हड्डा भुंगेरा.* दोन्ही अर्ध्या वाटाण्यासारखे गोल, ठिपकेदार व एकाच कुळांतले. ढालकिडा व त्याची अळी मावा खाऊन पिकाचें रक्षण करतात. हड्डा भुंगेरा वांग्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून जाळी करतो. ढालकिड्याची पाठ पॉलिश केल्यासारखी चकचकीत असते. हड्ड्याची पाठ मळकट तांबूस असून भिंगांतून पाहिल्यास तिच्यावर बारीक लव दिसते. ठिपके पुष्कळ, एका जातींत अठ्ठावीसपर्यंत असतात. अळ्या तर सहज ओळखतात : हड्ड्याची पिवळी व अंगभर फांटे फुटलेल्या कांट्यांची, ढालकिड्याची काळपट, लांबट, सुसरीच्या पिलासारखी, भराभर चालणारी. ही दुसरी अळी दिसण्यांत भयंकर असल्यामुळें शेतकरी तिलाच आधीं चिरडतो. आपल्या मित्रास आपल्याच हातानें मारण्याचें याहून स्पष्ट उदाहरण शेतींत क्वचितच मिळेल.

*फुलपांखरू आणि पतंग.* फुलपांखराच्या मिशांच्या टोंकास गांठ असते. पतंगाच्या मिशा टोंकाकडे निमुळत्या किंवा पिसासारख्या असतात. रंगावर जाऊं नये. कित्येक पतंग फुलपांखरांहून सुंदर असतात.

*चतुर आणि टाचणी.* चतुर बसतो तेव्हां पंख आडवे पसरलेले असतात व डोळे बहुधा जवळजवळ असतात. टाचणी सडपातळ, तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस दूर, आणि बहुतेक जातींत पंख पाठीवर मिटलेले. दोन्ही डांस व इतर किडे खाणारे मित्र होत.

*कॉमन मॉर्मनची मादी आणि रोझ फुलपांखरें.* रोझ फुलपांखरें पक्ष्यांस खाण्यास बेचव लागतात. मॉर्मनच्या कांहीं माद्या त्यांचें सोंग घेऊन जीव वांचवितात. सोंग पंखांचें असतें, अंगाचें नसतें : रोझचें अंग लाल, मॉर्मनचें काळें. आपल्या राज्याचें २०१५ सालीं घोषित झालेलें फुलपांखरू, ब्लू मॉर्मन, हें याच प्रजातीचें आहे.

*सुरवंट आणि मोहरीवरील काळी अळी.* पतंगाच्या व फुलपांखराच्या अळीस पुढें खऱ्या पायांच्या तीन जोड्या व पोटाखालीं मांसल पायांच्या पांचपर्यंत जोड्या असतात. उंटअळीस त्याहून कमी असल्यामुळें ती कमान करून चालते. मोहरीवरील काळ्या अळीस पोटाखालीं आठ जोड्या असतात, कारण ती कलापंखी गणांतील माशीची अळी आहे.

एकाच कीटकाचीं निरनिराळीं रूपें

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी लहान अळी, कांहीं दिवसांनीं त्याच झाडावर दिसणारी हिरवी अळी, आणि पिवळ्या ठिपक्यांचें काळें फुलपांखरू हीं तिन्ही एकच होत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यानें निदान एक अळी काचेच्या बरणींत, तोंडास जाळीचें कापड बांधून, रोज ताजा पाला घालून पाळावी व कोश होऊन कीटक बाहेर पडेपर्यंतच्या तारखा लिहाव्या. मावा, तुडतुडे, नाकतोडे यांस कोशाची अवस्था नसते. त्यांचीं पिलें आईबापांसारखींच पण बिनपंखांचीं असतात.

वही व नमुने

पीकपाहणी चावडींत बसून लिहिली तर ती कितीहि सुवाच्य असो, तिची किंमत शून्य. कीटकांची वहीहि शेतांत उभें राहूनच लिहावी. तींत तारीख, गांव, पीक, झाडाचा भाग, कीटक काय करीत होता, पंख-तोंड-मिशांचें वर्णन आणि मिलिमीटरांत लांबी एवढे रकाने असावे. नांवाचा रकाना शेवटीं ठेवावा, आणि नांव ठरेपर्यंत तो कोरा राहूं द्यावा.

नमुने थोडेच गोळा करावे. भुंगेऱ्यास टांचणी उजव्या ढालीवर, फुलपांखरास छातीच्या मधोमध टोंचतात. खालच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचें नांव असावें. चिठ्ठीवांचून नमुना म्हणजे दाखल्यावांचून दस्तऐवज होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कांहीं फुलपांखरांस व इतर कीटकांस संरक्षण दिलें आहे, म्हणून फुलपांखरांचें छायाचित्र घेऊन समाधान मानावें. कांहीं रंगीत भुंगेरे चिरडल्यास कातडीवर फोड येतात, आणि गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ तर मुळींच जाऊं नये. औषध मारलेल्या शेतांत मुलांनीं पाऊल टाकूं नये.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिल्या आठवड्यांत शरीराचे भाग व वरील कुंची पक्की करावी. दुसऱ्यांत ढालपंखी व खवलेपंखी, तिसऱ्यांत अर्धपंखी, द्विपंखी व फुलकिडे, चौथ्यांत कलापंखी, जालपंखी व इतर मित्रकीटक घ्यावे. पांचवा आठवडा सर्वस्वीं अळ्या, अंडीं व कोश यांस द्यावा. सहाव्यांत नवीन कांहीं न शिकतां रोज दहा नमुन्यांची चाचणी घ्यावी. शेतांत जाण्यास सकाळ उत्तम. ऊन चढण्यापूर्वीं कीटक संथ असतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळीं कडुनिंबाखालीं व बाभळीखालीं गेल्यास हुमणीचे भुंगेरे हवे तेवढे मिळतात. ते गोळा करून नष्ट केल्यानें अभ्यास होतो आणि पिकाचेंहि रक्षण होतें.

परीक्षकांस एक सूचना

प्रत्येक नमुन्यास दहा गुण धरल्यास गणास दोन, नांवास तीन, ज्या लक्षणावरून ओळखलें त्यास तीन आणि शत्रु-मित्र व पीक यांस दोन असे ते वांटावे. केवळ नांवास सर्व गुण दिले तर पाठांतर जिंकतें. तसेंच जो विद्यार्थी भलतेंच नांव न लिहितां "गण ओळखला, जाति निश्चित करतां येत नाहीं" असें लिहितो, त्यास गणाचे गुण पूर्ण द्यावे, आणि ठोकून दिलेल्या नांवाबद्दल एक गुण कापावा. उद्यां तोच विद्यार्थी पंप पाठीवर घेऊन शेतांत उभा राहील. खात्री नसतांना थांबण्याची संवय त्यास शाळेंत लागली तर तिचा लाभ साऱ्या गांवास होईल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पांढरी माशी माशी नाहीं हें कोणत्या दोन लक्षणांवरून ठरवाल ?
२. ज्वारीचा पोंगा सुकला आहे. अळी न सांपडल्यास कोणत्या इतर खुणा पहाल ?
३. वांग्याच्या पानावर ठिपक्यांचा भुंगेरा बसला आहे. तो मारण्यापूर्वीं भिंगांतून काय पहाल ?
४. १९१४ चें पुस्तक घेऊन मक्यावरील अळी ओळखण्यांत कोणता धोका आहे ?
५. आपल्या शेतांतील एकाच झाडावर एका सकाळीं सांपडलेल्या सर्व कीटकांची यादी करा व प्रत्येकापुढें शत्रु, मित्र अथवा अनिश्चित असें लिहा. अनिश्चितांची संख्या लपवूं नका. पुढील महिन्याचा अभ्यास तेथूनच सुरू करावयाचा आहे.